वारीचा फोटो न विचारता वापरला: रिसॉर्ट, न्यूज पोर्टल, फ्लेक्स आणि वॉलपेपर साइट. सुरुवात कुठून करू?

सावलीरेषा

नमस्कार मंडळी. दिवे घाटातल्या पालखीचा एक फोटो आहे, वळणावळणाने चढणारी दिंडी आणि वर पावसाचे ढग. जून २०२२ मध्ये काढलेला. इन्स्टाग्रामवर आणि माझ्या वेबसाइटवर टाकला आहे, उजव्या कोपऱ्यात नाव आहे. यंदा आषाढीच्या सुमारास तो चार ठिकाणी दिसला:

१. एका रिसॉर्टच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर, कोपरा कापून नाव काढलेलं.
२. एका मराठी न्यूज पोर्टलवर, पालखीमुळे होणाऱ्या वाहतूक बदलाच्या बातमीला. खाली ‘छायाचित्र : सोशल मीडिया’.
३. एका राजकीय पदाधिकाऱ्याच्या फेसबुक पानावर शुभेच्छा म्हणून, त्यांचा स्वतःचा चेहरा चिकटवून. तेच डिझाइन चौकातल्या फ्लेक्सवरही आहे.
४. एका परदेशी वॉलपेपर साइटवर, फुकट डाउनलोडसाठी.

फोटोची नोंदणी केलेली नाही. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल आहे. प्रत्येकाला कोणत्या क्रमाने गाठायचं, वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी लागते का, आणि पैसे मागायचे तर किती? अजून कोणाशीही बोललेलो नाही.

---

एफ_आठ

कोणाशी बोलला नाहीत हे उत्तम झालं. पोस्टखाली कमेंट केली किंवा मेसेज टाकला की समोरचा दहा मिनिटांत फोटो उडवतो आणि पुराव्याशिवाय तुमच्या हातात काही उरत नाही. त्यामुळे पुरावा आधी, बाकी सगळं नंतर.

वेबसाइटचा स्क्रीनशॉट मोबाइलवर नको, संगणकावर घ्या. पूर्ण पान, वरचा पत्ता आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसायला हवी. त्याच पानाची पीडीएफही करून ठेवा. मग वेबॅक मशीन (वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) हिच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये लिंक टाका, म्हणजे तारखेसह तिऱ्हाइताकडे प्रत राहते. फेसबुक मात्र तिथे नीट साठत नाही. फेसबुकसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग करा: पान उघडलं, पोस्टच्या वेळेवर क्लिक केलं, पोस्टचा स्वतंत्र पत्ता दिसला, कर्सर वेळेवर नेऊन पूर्ण तारीख दिसली, असं सलग. नुसत्या पानाची लिंक पुढे उपयोगी पडत नाही, त्या पोस्टचीच लिंक लागते.

फोटोवर राइट क्लिक करून ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ करा आणि फोटोचा स्वतःचा पत्ता टिपून ठेवा. साइट वर्डप्रेसवर असेल तर त्या पत्त्यात अपलोड फोल्डरच्या पुढे वर्ष आणि महिना येतो. रिसॉर्टवाले म्हणाले ‘कालच लावला’ आणि पत्त्यात तीन वर्षांपूर्वीचा महिना निघाला, तर तुमची मागणी तिथेच बदलते. त्यांची फाइल उतरवून एक्झिफटूलमध्येही (फाइलच्या आत दडलेली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) तपासा. नाव कापलं तरी आत भरलेला कॉपीराइटचा मजकूर पुष्कळदा तसाच राहिलेला असतो.

तुमच्या बाजूचा पुरावा म्हणजे रॉ फाइल. पण एकटी रॉ दाखवू नका. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा फ्रेम्स ठेवा, ओळीने क्रमांक असलेल्या. रॉ फाइल कोणीतरी कॉपी करून दिली असं म्हणता येतं, पण त्याच वळणावरच्या लागोपाठच्या फ्रेम्स कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याच्याकडेच असतात. रॉ आहे त्या फोल्डरमध्ये, त्याच नावाने राहू द्या. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर.

फ्लेक्स आजच गाठा, तो कधीही उतरेल. एक फोटो लांबून (चौक ओळखू येईल असा), एक समोरून पूर्ण, एक खालच्या पट्टीचा जवळून. पट्टीत ‘शुभेच्छुक’ म्हणून कोणाची नावं आहेत, छापणाऱ्याचं किंवा जाहिरात संस्थेचं नाव, परवानगीचा क्रमांक, जे असेल ते वाचता आलं पाहिजे. मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा.

आणखी कुठे वापर झाला आहे तेही आत्ताच शोधा. गूगल लेन्स, टिनआय, बिंग आणि यांडेक्स, चारही. यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुना’ असा क्रम लावता येतो, पहिल्यांदा कुठून उचलला गेला याचा अंदाज येतो. पूर्ण फोटोने सापडलं नाही तर नुसता दिंडीचा भाग कापून शोधा, मग ढगांचा. उलटे केलेले फोटो सुटतात, म्हणून आरशासारखी उलटी प्रत करून तिनेही एकदा शोध घ्या.

---

कागदोपत्री

पुराव्याबद्दल एक जोड. कोर्टापर्यंत गेलात तर स्क्रीनशॉटसोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या नमुन्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) लिहायचं असतं. म्हणून स्क्रीनशॉट घेतल्या दिवशीच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून वहीत उतरवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल त्यासाठी आयतं असतं. त्यानंतर ती फाइल उघडून कापू नका, फिरवू नका, पुन्हा सेव्ह करू नका, हॅश बदलतो. व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि आतली माहितीही जाते. प्रमाणपत्र नसेल तर काय होतं ते जालन्याच्या निवडणूक खटल्यात दिसलं. २०२० च्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. तो निकाल जुन्या पुरावा कायद्याखालचा, पण तत्त्व तेच.

आता नोटिशीच्या आधी स्वतःला विचारायचे प्रश्न. हक्क खरंच तुमच्याकडे आहे का? कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, पण पहिला मालक प्रत्येक वेळी तोच नसतो.

हा फोटो कोणी पैसे देऊन सांगितल्यावरून काढला होता का? तसं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७(ब) प्रमाणे मालक तो सांगणारा. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढला असेल तर मालक कंपनी. वृत्तपत्रात किंवा मासिकात नोकरीला असाल तर प्रकाशनापुरता हक्क मालकाचा, बाकीचा तुमचा.

कुठल्या स्पर्धेत पाठवला होता का? ‘प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य नियमावलीच्या तळाशी फार वेळा असतं. कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरित व्हायला सही केलेला लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. पण ‘वापरायची परवानगी’ तुम्ही दिलेली असू शकते, आणि रिसॉर्टने फोटो त्या आयोजकांकडूनच मिळवला असेल तर तुमची नोटीस चुकीच्या दारात जाईल.

विकिमीडिया कॉमन्सवर किंवा अनस्प्लॅशसारख्या फुकट साइटवर कधी टाकला होता का? तिथला परवाना मागे घेता येत नाही. कॉमन्सवर बहुतेकदा नाव देण्याची अट असते. ती मोडली तर परवाना संपतो, पण तिथे चालणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर तो आपोआप परत मिळतो.

या सगळ्यांना ‘नाही’ असेल तर पुढे चला.

नोंदणी नाही म्हणून घाबरू नका. कॉपीराइट फोटो काढल्या क्षणी मिळतो. मुंबई उच्च न्यायालयात याबद्दल दोन मतं होती. २०२१ च्या संजय सोया प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की दाद मागायला नोंदणी सक्तीची नाही. तरी जो फोटो दरवर्षी चोरला जातो त्याची नोंदणी करून ठेवावी असं माझं मत आहे: फॉर्म १४, एका कलाकृतीला ५०० रुपये, ऑनलाइन अर्ज, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रमाणपत्र हा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, आणि समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्नच बंद होतो.

---

मुहूर्त_फोटो

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी वरचं १७(ब) परत एकदा वाचा. मेकअप आर्टिस्टने, मंडप डेकोरेटरने आपला फोटो उचलला म्हणून नोटिशी पाठवायला निघतात, आणि करारात हक्काचा शब्दही नसतो. पैसे नवरा-नवरीकडच्यांनी दिले, मग करार नसेल तर मालक ते. नवरीनेच मेकअपवाल्या ताईंना ‘टाका’ म्हटलं असेल तर विषय संपला. इतकंच काय, आपण आपल्या पेजवर ते फोटो टाकतो त्यालाही त्यांची परवानगी लागते.

बुकिंगच्या पावतीवर तीन वाक्यं छापून घ्या आणि सही घ्या: ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकास वैयक्तिक व कौटुंबिक वापराची कायमस्वरूपी परवानगी आहे. व्यावसायिक वापरासाठी छायाचित्रकाराची लेखी संमती लागेल.’ ॲडव्हान्स घेताना सही घ्यायची. अल्बम देताना घेतलेली सही म्हणजे काम झाल्यावरचा करार, त्यावर वाद होतो.

---

सर्व्हररूम

वॉलपेपर साइट आणि फेसबुक यांचं सांगतो. यात एक फरक आधी समजून घ्या: जो स्वतः निवडून छापतो तो प्रकाशक, आणि दुसऱ्यांनी टाकलेलं जो फक्त साठवतो तो मध्यस्थ. न्यूज पोर्टल आणि रिसॉर्ट हे पहिले. त्यांना मध्यस्थांसाठीचा अर्ज पाठवून उपयोग नाही, थेट त्यांनाच लिहायचं. फेसबुक, होस्टिंग कंपनी, गूगल हे दुसरे.

वॉलपेपर साइटसाठी साइटच्या तळाशी ‘डीएमसीए’ (अमेरिकेचा ऑनलाइन कॉपीराइटचा कायदा) किंवा ‘कॉपीराइट’ अशी लिंक बघा. नसेल तर हूइजमध्ये (साइट कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारी सेवा) साइटचं नाव टाकून होस्ट, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे ती कंपनी, शोधा. बहुतेकदा नाव क्लाउडफ्लेअर निघेल. ते होस्ट नव्हेत, मधला पडदा आहेत. त्यांच्या तक्रार फॉर्मवर तक्रार टाकली की ते ती होस्टकडे पाठवतात आणि खरा होस्ट कोण ते कळवतात. मग होस्टला स्वतंत्र लिहा.

अमेरिकेच्या १९९८ च्या त्या कायद्याप्रमाणे सूचनेत सहा गोष्टी लागतात, एक राहिली तरी ती बाजूला ठेवायला त्यांना कारण मिळतं. मूळ फोटो कोणता (तुमच्या साइटची लिंक). चोरीची प्रत कुठे आहे (पान आणि फोटो, दोन्हींचे नेमके पत्ते). तुमचा संपर्क. या वापराला मालकाची, त्याच्या प्रतिनिधीची किंवा कायद्याची परवानगी नाही असं तुम्ही सद्भावनेने मानता, हे वाक्य. माहिती अचूक आहे आणि तुम्ही हक्कदार आहात किंवा त्याच्या वतीने लिहिता, हे शपथेच्या जबाबदारीवर. शेवटी सही, टाइप केलेलं पूर्ण नाव चालतं. भारतीय माणसालाही हा अर्ज करता येतो, नोंदणी लागत नाही. समोरच्याने प्रतिसूचना (‘फोटो चुकीने काढला’ असं उत्तर) दिली तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही दावा लावल्याचं कळवावं लागतं, नाहीतर फोटो परत चढतो. तुमचा संपर्क समोरच्याला मिळू शकतो, तेव्हा घरच्याऐवजी कामाचा पत्ता द्या.

होस्टने दाद दिली नाही तर गूगलच्या कायदेशीर फॉर्मवर तेच पत्ते द्या. फोटो साइटवरून जाणार नाही, पण शोधातून जाईल, आणि वॉलपेपर साइटचं सगळं येणं-जाणं शोधातूनच असतं.

फेसबुकवर कॉपीराइट फॉर्म आहे, तोच वापरा. ‘रिपोर्ट पोस्ट’मधून स्पॅम किंवा इतर काही निवडलंत तर तक्रार वेगळ्याच रांगेत जाते. ज्यांचे फोटो सतत उचलले जातात त्यांनी राइट्स मॅनेजरसाठी अर्ज करावा. त्यात मूळ फोटो भरून ठेवले की फेसबुक-इन्स्टाग्रामवर जुळणाऱ्या प्रती सापडतात. आणि त्या पदाधिकाऱ्यांनी पोस्ट पैसे देऊन पसरवली होती का, ते मेटाच्या (फेसबुकची मालक कंपनी) ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या जाहीर नोंदीत, नक्की बघा. राजकीय जाहिराती तिथे सात वर्षं राहतात, खर्चाच्या पल्ल्यासकट. पोस्ट उडवली तरी तो पुरावा उडत नाही.

भारतीय कायद्यातला मार्गही आहे, कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५. लेखी तक्रार मिळाल्यापासून मध्यस्थाने ३६ तासांत ती प्रत बंद करायची. पण त्यात तुम्हाला हमी द्यावी लागते की अपलोड करणाऱ्यावर दावा लावून २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणाल. हुकूम आला नाही तर मध्यस्थ फोटो परत खुला करू शकतो, आणि त्याच जागेच्या त्याच कामाबद्दलच्या तुमच्या पुढच्या तक्रारीला उत्तर द्यायलाही तो बांधील राहत नाही. दावा लावायचा विचार पक्का नसेल तर हे हत्यार काढू नका. फेसबुक-गूगलसारख्यांकडे त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर तेच काम बिनहमीचं होतं.

---

वाटसरू

एक शंका. फोटो इन्स्टाग्रामवर सगळ्यांसाठी खुला टाकलाय, मग तो सार्वजनिकच झाला ना? आणि पोर्टलने क्रेडिट दिलं असतं तर चाललं असतं का? बातमीसाठी तर कायद्यात सूट आहे असं ऐकलंय.

---

कागदोपत्री

तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

खुला म्हणजे बघायला खुला. इन्स्टाग्रामवर टाकताना तुम्ही इन्स्टाग्रामला परवाना देता, जगाला नाही. यावर सगळ्यांत गाजलेलं प्रकरण डॅनियल मोरेल यांचं. जानेवारी २०१० च्या हैतीतल्या भूकंपाचे त्यांनी काढलेले फोटो ट्विटरशी जोडलेल्या ट्विटपिकवर टाकले होते. ते दुसऱ्याने स्वतःच्या नावाने चढवले, तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले. ‘ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला परवाना मिळाला’ हा एएफपीचा बचाव न्यूयॉर्कच्या कोर्टाने फेटाळला, आणि २०१३ मध्ये ज्युरीने मोरेल यांना एएफपी आणि गेटीकडून १२ लाख डॉलर द्यायला सांगितलं.

क्रेडिट आणि परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी. कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव मागण्याचा हक्क वेगळा, आणि तो कॉपीराइट विकल्यावरही राहतो. नाव छापलं म्हणून परवानगीची गरज संपत नाही. ‘सोशल मीडिया’ हे तर नावही नव्हे.

बातमीची सूट खरी आहे, कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराला मुभा आहे. ‘अमुक फोटो चोरला गेला’ अशी बातमी असेल आणि तो फोटो दाखवला, किंवा फोटोतली घटनाच बातमीचा विषय असेल, तर पोर्टलकडे बोलायला काही आहे. इथे बातमी यंदाच्या वाहतूक बदलाची आणि फोटो २०२२ चा, निव्वळ सजावटीला. शिवाय असे फोटो विकत देणं हाच छायाचित्रकाराचा धंदा, म्हणजे वापराने थेट त्याची विक्री बुडते. ही सूट इथे टिकेल असं मला वाटत नाही.

‘दहा टक्के बदल केला की आपला होतो’ हेही बरेच जण ऐकून असतात. कायद्यात असा कुठलाही टक्का नाही.

---

सावलीरेषा

खूप आभार. पुरावे घेऊन झाले, हॅशही काढले. फोटो स्वतःहून काढलेला आहे, स्पर्धेला दिलेला नाही, फुकट साइटवर नाही. ॲड लायब्ररीत ती पोस्ट जाहिरात म्हणून सापडली. रिसॉर्टच्या फोटोच्या पत्त्यात २०२३/०६ आहे. मध्यंतरी रिसॉर्टला साधा ईमेल टाकला, ‘हा फोटो कुठून घेतलात?’ उत्तर: ‘गुगलवरून घेतला होता, कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं. काढून टाकला आहे, धन्यवाद.’ आता काही मागता येतं का?

---

कागदोपत्री

ते उत्तर जपून ठेवा. वापर केला, परवानगी नव्हती, दोन्ही त्यांनीच लिहून दिलंय. यापुढेही सगळं ईमेलवरच, फोन आला तर ‘कृपया लिहून पाठवा’ एवढंच.

‘माहीत नव्हतं’ हे कलम ५५ मधलं सवलतीचं वाक्य आहे. कॉपीराइट असल्याची जाणीव नव्हती आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं हे त्यांनी सिद्ध केलं, तर तुम्हाला फक्त मनाई आणि नफ्यातला काही वा सगळा हिस्सा मिळतो. पण तुमच्या मूळ फोटोवर नाव होतं आणि त्यांच्या प्रतीत नेमका तोच कोपरा कापला आहे. नाव दिसल्याशिवाय कोणी नाव कापत नाही. प्रकाशित प्रतीवर ज्याचं नाव तोच कर्ता असं गृहीतकही त्याच कलमात आहे. शिवाय जाणूनबुजून कर्त्याचं नाव काढणं हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फोटो काढून टाकला म्हणून मागचा वापर पुसला जात नाही. भरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं. तुमच्याकडे २०२३ चा महिना आहे, तेव्हा जुना भाग मुदतीबाहेर जाऊ देऊ नका.

पहिलं पत्र स्वतःच्या नावाने पाठवलं तरी चालतं. मजकूर साधारण असा:

‘आपल्या संकेतस्थळाच्या मुख्य पानावर (पत्ता…) दि. … रोजी आढळलेले छायाचित्र मी जून २०२२ मध्ये दिवे घाट येथे काढलेले असून त्याचा कॉपीराइट माझ्याकडे आहे. मूळ छायाचित्र (पत्ता…) येथे माझ्या नावासह प्रसिद्ध आहे. आपण माझी परवानगी घेतलेली नाही. तसेच छायाचित्रावरील माझे नाव काढलेले आहे. उपलब्ध नोंदींनुसार हा वापर जून २०२३ पासूनचा दिसतो. या वापराचे परवाना शुल्क … रुपये, तपशील सोबत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत शुल्क अदा करावे व यापुढे हे छायाचित्र कोणत्याही माध्यमात वापरणार नाही असे लेखी कळवावे.’

ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने, पोच घेऊन. सोबत त्यांच्या पानाचा आणि तुमच्या मूळ फोटोचा स्क्रीनशॉट. रॉ फाइल पाठवू नका, तिचा छोटा प्रिव्ह्यू पुरे.

पत्रात ‘पैसे द्या नाहीतर पोलिसात जातो’ हे वाक्य नको. गुन्हा गंभीर आहे हे खरं: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड, आणि २०२२ च्या निट प्रो निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे. तक्रार द्यायची तर सरळ द्या. तिचा सौदा केलात तर उलट तुमच्यावरच खंडणीचा आरोप करायला त्यांना जागा मिळते. आणि बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध कलम ६० खाली तेही कोर्टात जाऊ शकतात. पोलीस तक्रार मी छापील कॅलेंडर, पुस्तकं, हजारोंनी विकलेल्या प्रती यांच्यासाठी राखून ठेवेन. एका वेबसाइटवरच्या एका फोटोसाठी दिवाणी मार्गच बरा.

दावा लावायचा तर कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. पोर्टलचं ऑफिस दिल्लीत असलं तरी तुम्हाला दिल्लीला जावं लागत नाही. मूल्य ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर वाणिज्य न्यायालय, आणि तातडीची मनाई मागायची नसेल तर तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. रिसॉर्टने फोटो काढलाय, म्हणजे तातडी राहिली नाही. बरीच प्रकरणं या मध्यस्थीतच मिटतात, वकिलाचा खर्च तिथपासून धरा.

---

एफ_आठ

रक्कम कशी काढायची ते. हवेतला आकडा टाकू नका, पाच लाख मागितले की समोरचा उत्तरच देत नाही. चार गोष्टी घ्या: माध्यम, जागा, मुदत, प्रदेश. उदाहरणापुरतं, वेबसाइटच्या आतल्या पानासाठी एका वर्षाला तुमचा दर ४,००० रुपये असेल आणि मुख्य पानासाठी ८,०००, तर तीन सुरू झालेल्या वर्षांचे २४,०००. नाव कापल्याबद्दल वेगळी ओळ, वेगळी रक्कम. पत्राला तक्ता जोडा.

हा दर खरा आहे हे दाखवायला जुनी बिलं लागतात. म्हणून फोटो कोणालाही विकताना, अगदी दीड हजाराला, बिल करा आणि त्यावर ‘एक वर्ष, वेबसाइट, मुख्य पान’ असं लिहा. ‘फोटो चार्जेस’ एवढंच लिहिलेलं बिल नुकसान मोजायला काही कामाचं नाही.

पोर्टलकडून पैसे थोडे येतील, पण लवकर येतात. संपादकाला लिहा, जाहिरात विभागाला नको. बातमी दोन दिवसांत जुनी होते, मग फोटो ठेवला काय नि काढला काय, त्यांना फरक पडत नाही. एकदाचं शुल्क, नाव दुरुस्ती आणि पुढच्या वर्षीच्या वारीसाठी आधी दर ठरवून घेणं, यावर बोला.

फ्लेक्सचं प्रकरण मला सगळ्यांत गंभीर वाटतं. रिसॉर्टने फोटो वापरला. इथे तुमच्या फोटोवर दुसऱ्याचा चेहरा चिकटवला, आणि तुम्ही त्या पक्षाचे आहात असं बघणाऱ्याला वाटू शकतं. तुमच्या नावाला त्याने बाधा येत असेल तर कलम ५७ इथे लागू पडतं. पत्र तिघांना पाठवा: ज्यांच्या नावाने शुभेच्छा आहेत ते, डिझाइन करणारी संस्था, आणि फ्लेक्स छापणारा. छापणारा बहुतेक वेळा आधी बोलतो, कारण छपाईची ऑर्डर कोणी दिली त्याचं बिल त्याच्याकडे असतं. जाहीर पोस्ट लिहून ‘चोर’ वगैरे म्हणू नका, अब्रुनुकसानीचा नवा धागा सुरू होतो. दोन फोटो शेजारी ठेवा, तारखा लिहा, एवढंच.

आणखी एक. फोटोत एखाद्या वारकरी माउलींचा चेहरा ओळखू येतो का? कॉपीराइट तुमचा असला तरी चेहरा त्यांचा आहे. रिसॉर्ट आता ‘बरं, लायसन्स द्या’ म्हणालं तर जाहिरातीसाठी त्यांची लेखी संमती तुमच्याकडे आहे का ते आधी बघा. नसेल तर फक्त मागच्या वापराचं शुल्क घ्या, पुढचा परवाना देऊ नका.

---

सर्व्हररूम

पुढच्या आषाढीच्या आत फाइलींमध्ये माहिती भरून घ्या. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) मेटाडेटाचा, म्हणजे फाइलच्या आत भरायच्या माहितीचा, प्रीसेट करा: क्रिएटर, कॉपीराइट नोटीस, आणि दोन रकाने जे बहुतेकांचे रिकामे असतात, ‘वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स’ आणि ‘लायसेन्सर यूआरएल’. पहिल्यात तुमच्या साइटवरच्या अटींचं पान, दुसऱ्यात परवाना मागायचं पान. हे भरले की गूगल इमेजेसमध्ये त्या फोटोवर ‘लायसेन्सेबल’ अशी खूण येऊ शकते आणि खाली तुमची लिंक. एक्स्पोर्ट करताना ‘ऑल मेटाडेटा’ निवडा, घराचं लोकेशन जाऊ नये म्हणून ‘रिमूव्ह लोकेशन’ला टिक करा. स्वतःची साइट वर्डप्रेसवर असेल तर फोटो हलके करणारं प्लगइन मेटाडेटा उडवत नाही ना, ते एक फोटो उतरवून तपासा. बऱ्याच प्लगइनमध्ये सुरुवातीलाच तसं सेटिंग असतं.

आकार लांब बाजूला १,२०० ते १,६०० पिक्सेल पुरे. फ्लेक्सवाला तेवढ्यावरही छापतो, पण छापील कॅलेंडर किंवा पोस्टर तेवढ्यात नीट होत नाही. नाव कोपऱ्यात नको. दिंडीच्या रांगेवरून, फिकट, जिथे कापलं तर फोटोच जाईल.

---

सावलीरेषा

रिसॉर्टला पत्र तक्त्यासकट आज पाठवलं, पोर्टलच्या संपादकांना वेगळं. फ्लेक्स छापणाऱ्याचं नाव पट्टीत होतं, त्यांनाही. वॉलपेपर साइटचा होस्ट सर्व्हररूम म्हणतात तसा क्लाउडफ्लेअरच्या मागे निघाला, फॉर्म भरला आहे.

एक राहिलं: रिसॉर्टने पैसे द्यायचं कबूल केलं तर त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचं?

---

कागदोपत्री

एका पानाचा समझोता पुरे. वापर कोणत्या पत्त्यावर, कोणत्या महिन्यापासून कोणत्या तारखेपर्यंत झाला. रक्कम त्या मागच्या वापरापुरती आहे, पुढचा परवाना नाही. त्यांच्या सर्व्हरवर, फेसबुक-इन्स्टाग्रामवर, बुकिंग साइटवरच्या त्यांच्या पानांवर आणि जाहिरात संस्थेकडे असलेल्या प्रती काढल्याची तारीख. बुकिंग साइटचा उल्लेख विसरू नका, हॉटेलवाले तेच फोटो तिथेही चढवतात आणि ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तुमची मागणी सोडल्याचं वाक्य ‘रक्कम खात्यात जमा झाल्यावर’ या शब्दांनी सुरू करा, ‘सही झाल्यावर’ नको. दोन्ही बाजूंच्या सह्या, योग्य त्या मुद्रांकावर, आणि कंपनी असेल तर सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का.